उतरवलेला मृदुंग

२२ डिसेंबर २०२४

विनोदा,

दत्तजयंतीच्या सकाळी मी गिरण रिकामीच चालू केली होती, हे तुला सांगायचं राहून गेलं. दळण एकही नव्हतं. आनंदी मागच्या दारातून ओरडली, "अहो, दगडावर दगड घासताय काय? फुटतील ना!" मी म्हटलं, पट्टा बघतोय. दार लोटून घेतलं, पोत्यावर बसलो, मृदुंग मांडीवर घेतला आणि हातोडीने वादीखालचे लाकडी गठ्ठे सरकवून चामड्याची पुडी सैल करत गेलो. गिरणीच्या घरघरीत बाहेर कोणाला ठोके ऐकू जाणार नव्हते. मलाही धड ऐकू येत नव्हतं. कान चामड्याला टेकवायचा, हलकी थाप मारायची, परत ठोकायचं. पांढरी चारवरून काळी दोनवर. दोन घरं खाली. गळ्याच्या डॉक्टरांनी तुला बजावल्यावर आपण दोघांनी कोणाला न सांगता ठरवलेली पट्टी.

तुझी पेटी स्केल चेंजर. बोटं नेहमीच्या जागीच दिसणार, सूर तेवढा खाली येणार. तालमीत आपल्या कोरसवाल्यांना गळा जरा मोकळा सुटतोय एवढंच वाटलं, कारण कोणाला विचारलं नाही. मृदुंगाला मात्र असं काही करता येत नाही. तो उतरवायचा म्हणजे उतरवायचाच. म्हणून तो मी असा चोरून उतरवला.

आता हे पोस्टाने लिहितोय, कारण तू फोन उचलत नाहीस आणि मंडळाच्या ग्रुपमधूनही बाहेर पडलास. सावर्ड्याला लेकीकडे, सानिकाकडे निघालास तेव्हा मी एसटीच्या थांब्यावर आलो होतो. तू पायरीवरून एवढंच बोललास, "हरिश्चंद्राला दुसरं कोण सांगणार?" गाडी सुटली. मागे पुळ्याला जाणाऱ्या पर्यटकांच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या आणि मी रस्त्यातच उभा. काय सांगणार? कशाबद्दल बोलत होतास?

तू तिथे होतास, तरी दत्तजयंतीच्या त्या डबलबारीचं, दोन बुवांच्या त्या सामन्याचं लिहितो. पहिल्या बारीला मी पलीकडच्या मंचावर बसलो होतो. तिथून दिसलं ते तुला दिसलेलं नाही.

नाणं उडवल्यावर पहिली बारी समोरच्या मंडळाच्या हरिश्चंद्रबुवाला लागली. त्यांचा मृदुंगवाला पुडी चढवायला गेला आणि ती उभी फाटली. माईकवरून विचारणा झाली. तू माझ्याकडे बघून म्हणालास, "दे रे मृदुंग. देवाच्या दारात बारी अडता नये." हे तुझे शब्द. सदू शेजारीच झांजा घेऊन बसला होता, त्याला विचार. मी मृदुंग दुसऱ्याच्या हातात देत नाही हे तुला ठाऊक आहे. दर गुरुवारी त्याला हळदकुंकू लावतो, तो वाटेल त्याच्या मांडीवर कसा द्यायचा? म्हणून म्हटलं, मीच वाजवून येतो. तू मान हलवलीस. मी तरी ती होकाराची समजलो.

हरिश्चंद्रबुवाची पट्टी पांढरी चार. मी मृदुंग परत चढवायला घेतला. बुवा पेटीचा स्वर धरून बसला होता. थोडं ठोकून झालं तरी सूर मिळेना, तेव्हा हसून म्हणाला, "बराच खोल गेलाय की हो, महिपतराव." मी म्हटलं, दमट हवा.

रूप, अभंग, गौळण नीट झाली. गजरात त्याने तुझ्यावर ते कडवं टाकलं,

गडावरचे बुवा यंदा पायथ्याशी आले,
वर चढाया सांगू नका, गुडघे त्यांचे गेले!

लोक हसले. डबलबारीत हे चालतंच. तूही त्याला मागच्या वर्षी दाढीवरून धुतला होतास. तुझे गुडघे तर चांगले आहेत, मला वाटलं उगाच काहीतरी जुळवलंय. मी ठेका धरून बसलो होतो, बस्स.

मग आपली बारी. मी परत आपल्या मंचावर आलो आणि मृदुंग उतरवायला घेतला. माईक समोरच होता. एकेक ठोका सगळ्या मांडवात घुमत होता. मागून कोणीतरी ओरडलं, "ओ नाना, किती उतरवताय? तळ लागला काय?" आणि तेव्हा ते गुडघ्याचं, म्हणजे उतरलेल्या पट्टीचं, लोकांना कळलं. हसण्याची लाट मागून पुढे आली. तू माझ्या हातावर हात ठेवलास. "राहू दे. आहे तिथंच." पेटीची पट्टी तूच वर सरकवलीस. मी म्हटलं, विनोदा, नको. तू डोळे मिटून घेतलेस.

पुढचं लिहीत नाही. अभंगाच्या दुसऱ्या चरणाला तुझ्या तोंडातून नुसता वारा आला. बाकीची बारी सदूने आणि पोरांनी ओढून नेली.

मी तू सांगितलंस तेच केलं होतं. माझं नक्की कुठे चुकलं, एवढं एका ओळीत कळव.

महिपत


११ जानेवारी २०२५

विनोदा,

तुझी ओळ आली नाही. पण एसटीच्या पायरीवरून तू काय बोललास ते आता मला कळलंय. हरिश्चंद्रबुवा गिरणीवर आला होता.

नाचणी घेऊन आला. त्याच्या गावात गिरण नाही असं नाही. मी डबा तोलायला घेतला तर म्हणाला, "दळण राहू दे, आधी बसा." मग इकडचं तिकडचं बोलून म्हणाला, "विनोदबुवा गायचे बंद झाले म्हणतात. खरं?"

मी म्हटलं, "तुम्हीच ऐकलंत ना त्या दिवशी."

"मला वाटलं होतं उलटून देईल. तो सोडतो काय कधी? मी पुढच्या गजराची तयारी ठेवून बसलो होतो. म्हटलं, आता माझ्या टकलावर येणार. आणि हा माणूस गप्प."

मला राग आला होता, पण काय म्हणून रागवायचं ते ठरत नव्हतं. मी सरळ विचारलं, "गळ्याचं तुम्हाला कोणी सांगितलं?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "गळ्याचं? म्हणजे गळ्याचं दुखणं आहे?"

विनोदा, तुझ्या गळ्याचं मी तोंडातून घालवलं ते तिथे. आधी नव्हे, आता.

तो म्हणाला, "मला कोणी कशाला सांगायला हवं? तुम्ही मृदुंग घरून लावून आणता हे सगळ्या तालुक्याला माहीत आहे. तो काळी दोनला होता. दमट हवेने एवढा उतरतो काय? मग तुमचा बुवा यंदा काळी दोनला गाणार, हे तर माझ्यासमोर मांडीवरच होतं. मी समजलो, वय झालं, पट्टी उतरवली. आम्ही सगळे उतरवणार एक दिवस. त्यावर कडवं केलं. दुखणं आहे हे माहीत असतं तर देवाशपथ तोंड उघडलं नसतं."

म्हणजे तू गायच्या आधीच त्याला कळलं कसं, हा जो तुझा प्रश्न होता, त्याचं उत्तर मृदुंगात होतं. मी जो गिरणीच्या आवाजात लपून उतरवला, तोच उचलून त्याच्यासमोर नेऊन ठेवला. आणि ठेव म्हणालास तू. आपल्या दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. कसं आलं नाही? आपण इतकी वर्षं बाऱ्या करतोय. पट्टी लपवायचं ठरवलं आणि पट्टी जिच्यात राहते ती वस्तू देऊन टाकली. मी रोज दळताना यावर विचार करतो आणि प्रत्येक वेळी दुसऱ्याच ठिकाणी पोचतो. कधी वाटतं चूक तुझी, कधी माझी, कधी वाटतं देवाच्या दारात लपवाछपवी केली म्हणून झालं. मग वाटतं, देवाला काय पडलंय काळी दोन की पांढरी चार.

जाताना हरिश्चंद्रबुवा म्हणाला, "माझ्याकडे वाजवायला या. विनोदबुवा गाणार नसतील तर तुमचा हात गंजवताय कशाला?" मी नाही म्हटलं नाही. हो पण म्हटलं नाही. नाचणी दळून दिली.

मी कोणाला काही सांगितलं नव्हतं. एवढं तरी मान.

महिपत


४ फेब्रुवारी २०२५

विनोदा,

माघी गणपतीला आपल्या मंडळाने वाडीत भजन केलं. पेटीवर आपल्या कोरसातला दीपक. आवाज आहे त्याला, पण तो समोरच्या मोबाइलकडे बघून गातो. मी वाजवलं. लोक अर्ध्यातून प्रसाद घेऊन उठले.

भजन संपल्यावर मी मृदुंगाला गवसणी घालत होतो, तर दीपक सगळ्यांसमोर म्हणाला, "नाना, एक विचारू? त्या दिवशीचा व्हिडिओ बघितलात काय?"

मी म्हटलं, "माझ्या फोनवर दिसत नाही नीट."

"मग मी सांगतो. हरिश्चंद्रबुवाच्या बारीला तुम्ही मृदुंग चढवलात. आपल्या बारीला उतरवायला घेतलात आणि अर्धाच उतरवून ठेवलात. बुवांना वर गायला लागलं. आवाज फाटला. आता तोच हरिश्चंद्रबुवा तुमच्या गिरणीवर येऊन बसतो."

सदू म्हणाला, "दीपक, गप. नाना असं करील काय?" मग माझ्याकडे वळला. "नाना, तू बोल ना रे. नाय म्हण."

मी काय बोलू? नाही म्हटलं तर पुढचा प्रश्न येणार, मग घरूनच उतरवून का आणला होतास? त्याचं उत्तर तुझा गळा. बाहेरच्यांना अजून वाटतंय त्या दिवशी तुझा आवाज नुसता बसला होता. हसले ते हसले, पण आता म्हणतात बुवा येतील परत. मी स्वतःला सोडवायचं तर तुझं दुखणं मांडवात ओतायचं. मी गवसणीची नाडी बांधत राहिलो. सदू बराच वेळ वाट बघत होता. मग तोही उठून गेला, आणि ते मला दीपकच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

सानिकाचा आनंदीला फोन आला होता. म्हणाली, बाबा घरात गुणगुणतसुद्धा नाहीत, पेटीवर चादर घालून ठेवलीय, डॉक्टरांनी हळू गा म्हटलंय, गाऊच नका असं नाही म्हटलेलं. आनंदीने विचारलं, मग का गात नाहीत? तर पोर म्हणाली, "काकी, ते म्हणतात, खाली गायलो तर लोक म्हणतील संपला, वर गायलो तर खरंच संपेन."

हे ऐकून मी देवळात कौल लावायला गेलो. धोंडू गुरवाने देवाला कळ्या लावल्या आणि विचारलं, "काय गाऱ्हाणं?" मी म्हटलं, मनातलं आहे. "बरं. मनातल्या मनात सांग, पण सरळ सांग." मी हात जोडले आणि मनात म्हटलं, देवा, मी गप्प राहू की बोलू, आणि हरिश्चंद्राकडे जाऊ की नको. उजवी कळी पडली, म्हणजे होकार. धोंडू खूश. "झालं तुझं काम!" कुठलं काम, ते मलाच कळेना. एका दमात दोन गोष्टी विचारल्या होत्या, त्याही अशा की एकीलाही नुसतं हो म्हणता येत नाही. परत लावू का विचारलं, तर तो म्हणाला, "देवाची चेष्टा लावलीस काय?"

आता जे पहिल्या पत्रात लिहिलं नाही ते लिहितो. 'मी ठेका धरून बसलो होतो, बस्स' असं लिहिलं होतं. तसं नव्हतं. हरिश्चंद्राने 'गुडघे त्यांचे गेले' म्हटलं आणि माझ्या हाताने त्यावर टाळी घेणारी तिहाई मारली. शब्द पडायला आणि थाप पडायला एक गाठ. मांडव उसळला. माणसं उठून 'परत, परत' ओरडायला लागली. त्याने परत घेतलं. मी परत मारली, पहिल्यापेक्षा जोरात. मला अर्थ कळला नव्हता हे खरं आहे. पण टोमणा तुझ्यावर होता हे तर कळत होतं. आणि मला बरं वाटलं, विनोदा. तुझ्या शेजारी बसतो तेव्हा लोक तुझ्याकडे बघतात, तसंच असायला हवं. त्या दिवशी लोक हाताकडे बघत होते.

हात आधी चालतो, मन मागून येतं, असं मी स्वतःला सांगतो. पण दुसऱ्यांदाही मागूनच आलं काय?

आणि दीपक मला यातलं काही विचारत नाही. भलतंच विचारतो.

महिपत


९ मार्च २०२५

विनोदा,

शिमग्याची बैठक काल देवळात झाली. पालखी कुठल्या वाडीत कधी, हे ठरवून झाल्यावर भजनाचा विषय निघाला. गाव म्हणालं, पालखी घरी आल्यावर आपलंच मंडळ बसलं पाहिजे, बाहेरचं नको. सदू म्हणाला, बुवा नाही तर मंडळ कसलं? दीपक म्हणाला, बुवा येणार नाहीत, त्यांचा अपमान कोणी केला ते आधी ठरवा. मग सगळी सभा माझ्याकडे वळली.

मी घरून काही ठरवून गेलो नव्हतो, असं लिहिणार होतो, पण ते खोटं होईल. आठवडाभर तेच डोक्यात घोळत होतं. जात्यातून जसं पीठ पडतं आणि दगड मात्र जागेवरच फिरतो, तसं. हरिश्चंद्रबुवाला मी शेवटी नको म्हणून कळवलं होतं. तो म्हणाला, "मग घरी बसून काय करणार?"

मी विचार असा केला. तू खालच्या पट्टीला का गातोस, याला लोकांना पटेल असं कारण हवं. वय झालं म्हटलं तर हसतात. दुखणं म्हटलं तर कीव करतात, आणि कीव आलेल्या बुवाला कोणी बारीला बोलवत नाही. पण दुसऱ्या कोणी गळा घालवला, आणि तरी बुवा गातोय, असं असेल तर? तर लोक पुढे सरकून बसतील. आपलं पब्लिक मला माहीत आहे. मी त्यांच्या समोर इतकी वर्षं बसलोय, आणि गाणाऱ्यापेक्षा वाजवणाऱ्याला ते जास्त दिसतात.

हे चांगलं की वाईट ते मला ठरवता आलेलं नाही. तुला विचारायला हवं होतं, पण विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास. मागच्या वेळी आपण दोघांनी मिळून ठरवलं होतं, त्याचं काय झालं ते बघितलं. देवासमोर खोटं बोलायचं, आणि तेही मी, जो नामाची एक माळ ओढल्याशिवाय गिरणीचं बटण दाबत नाही. रात्री आनंदीला सांगितलं. ती म्हणाली, "लोक तोंडात शेण घालतील." मी म्हटलं, घालतील. ती म्हणाली, "आणि देव?" मग तिनेच म्हटलं, "देवाला तुमची ती थाप माहीत असेलच ना?" तिला मी थापेचं सांगितलं होतं. तिच्या बोलण्याचा अर्थ मला अजून पुरता लागलेला नाही, पण मला त्याने धीर आला.

दीपक म्हणाला, "नाना, आज तरी बोला."

मी उठलो. धोंडू गुरव म्हणाला, "बसून बोल रे, कोर्ट नाय हे." मी उभाच राहिलो. म्हटलं, "दीपक बोलतो ते खरं आहे. मृदुंग मी मुद्दाम चढा ठेवला. बुवाने राहू दे म्हटलं, कारण मी त्याला म्हटलं होतं की उतरत नाही. तो वर गायला आणि त्याच दिवशी त्याच्या गळ्याला इजा झाली. आता डॉक्टर म्हणतात, बुवाने खालीच गायचं. त्याचं कारण मी."

सदू म्हणाला, "नाना, शुद्धीत हायस ना?"

"हाय."

"का केलंस पण?"

याची तयारी मी केली नव्हती. जे तोंडात आलं ते बोललो. "लोकांनी माझ्याकडे बघावं असं वाटलं." विनोदा, सगळ्या बोलण्यात तेवढं एक खरं निघालं, आणि नेमकं तेच ऐकून सदूने मान खाली घातली.

धोंडू म्हणाला, "देवाच्या पायरीला हात लावून बोल." मी लावला. हात कापला नाही. याचं मला राहून राहून नवल वाटतं. माझा हात कधी कशाला कापावा हे त्याला अजून कळलेलं दिसत नाही.

मग त्यांनी ठरवलं ते असं. मी मंडळात नाही. शिमग्याला वाजवायला दुसरा माणूस बघायचा. आणि दीपक व सदूने सावर्ड्याला जाऊन तुला घेऊन यायचं. दीपक म्हणाला, "बुवांनी काळी दोनला गावं नाहीतर काळी एकला, आम्ही कोरस भरून काढू. कोण हसतं ते बघतो." ज्याने त्या व्हिडिओवरून मला सगळ्यांसमोर धरलं होतं, तोच हे म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. मला तो एकदम आवडला.

ते दोघं बुधवारी येतील. हे पत्र त्यांच्या आधी तुझ्या हातात पडेल असं बघून उद्या सकाळीच स्पीड पोस्टाने टाकतो. त्यांच्यासमोर खरं सांगू नकोस. सांगितलंस तर मी पायरीवर हात ठेवून बोललो ते फुकट जाईल. तुला राग आला तर माझ्यावर ठेव. लोकही ठेवतीलच, त्यात तुझा मिसळून जाईल. पेटी सोबत आण आणि स्केल चेंजर खालीच ठेव, सगळ्यांच्या देखत. आता तिथे लपवण्यासारखं काही राहिलेलं नाही.

बैठक संपल्यावर सगळे बाहेर पायरीवर घोळका करून थांबले होते. मी मधून वाट काढली. कोणी बाजूला झालं, कोणी झालं नाही. मी चपला शोधल्या, घातल्या आणि मंडळाच्या कपाटाची माझ्याकडची चावी सदूच्या हातात देऊन घरी आलो.

महिपत